पावसाआधी आळी करा, आणि ती मोजून घ्या

(वैशाखातल्या शिबिरात संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मांडलेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं दिलं आहे. पाड्यावर वाचून दाखवावं.)

बाया-बापयांनो,

वीटभट्ट्या बंद होत आल्या. आपली माणसं भांडीकुंडी घेऊन पाड्यावर परत आली. मिरगाला आता जेमतेम तीन-चार आठवडे उरले. राब बघायचा, घर शाकारायचं, बांध नीट करायचे. या गडबडीत परसातली भाजी मागं पडते. आज आम्ही तिच्यावरच बोलणार आहोत. कोणी म्हणेल, जमिनीच्या सभेत दुधी-कारल्याचं काय काढलं? पण हे जमिनीचंच बोलणं आहे.

आधी पोटाचं बघू. आषाढ-श्रावणात कणगी तळाला जाते. भात-नागली हातात यायला दसरा उजाडतो. याच दिवसांत मीठ-मिरची, कांदा-बटाटा उधारीवर येतो आणि त्याच उधारीपायी पुढच्या भट्टीची उचल घेतली जाते. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर कुटुंब बांधलं गेलं. चार वेल लावून सगळी उचल सुटत नाही, हे आम्हांलाही कळतं. पण रोजचं कालवण घरचं असलं तर दुकानदाराच्या वहीतली रेघ कमी होते. तेवढी तरी आपल्या हातात आहे.

आता लावायचं कसं ते. जुनी माणसं आखातीलाच आळी धरायची. ती वेळ चुकली असेल तर रोहिणी आहेत, म्हणजे 25 मेच्या पुढचे दिवस. वैशाखात पाणी डोक्यावरून आणावं लागतं, म्हणून सगळंच आत्ता लावू नका. मोरीचं, भांडी धुतल्याचं पाणी जिथं जातं तिथं चार-पाच आळी करा. हातभर रुंद, हातभर खोल. तळाला पालापाचोळा, वर कुजलेलं शेण, थोडी राख, मग वरची माती. दुधी, काकडी, दोडका, कारलं यांचं बी रात्रभर भिजत घाला. कारल्याचं साल टणक असतं, न भिजवता टाकलं तर उगवायला फार दिवस घेतं. एका आळ्यात चार-पाच बिया टाका, उगवल्यावर जोमाची दोन रोपं ठेवा. फुटकं मडकं असेल तर बुडाला बारीक भोक पाडून आळ्याशेजारी पुरा आणि त्यात पाणी भरा. थेंब थेंब झिरपून मुळाला मिळतं, वाया जात नाही.

हळद, आलं, सुरण, करांदे, अळू यांचे कंद पावसाच्या तोंडावर लावा. सुरणाचा तुकडा करताना त्यावर डोळा हवा. वांगी-मिरचीचं बी उंचवट्यावरच्या वाफ्यात टाका. सखल जागी आपल्याकडच्या पावसात रोप सडतं. भेंडी, माठ, गवार पहिल्या पावसावर. माठ महिन्याभरात ताटात येतो, काकडी-भेंडी दीड महिन्यात, दुधी-दोडका दोन महिन्यांत. रोहिणीत लावलेलं नेमकं श्रावणात, म्हणजे कणगी रिकामी असते तेव्हाच, खायला मिळतं. आडोशाला गवती चहा, अडुळसा, तुळस लावा. खोकल्या-सर्दीला कामाला येतात.

कोवळ्या वेलावर लाल भुंगा येतो. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख उधळा, औषध विकत आणायची गरज नाही. कारल्यात अळी पडली तर किडकं फळ तोडून खोल पुरा, तिथंच टाकू नका. पहिली फुलं गळतात म्हणून वेल उपटू नका. ती नर फुलं असतात. मागून येणाऱ्या फुलाखाली बारीक फळ दिसेल, ती मादी.

आणि बी आपलंच ठेवा. पाकिटातल्या हायब्रीडचं बी पुढच्या साली तसंच येत नाही, दरसाल पैसे मोजावे लागतात. वेलावरचं एक चांगलं फळ बियाण्याला राखा, बी राखेत कालवून चुलीच्या वर टांगा. ज्या घरात नाही त्या घराला मूठभर द्या.

आता जमिनीचं. आपल्यातले कित्येक जण दावा भरताना फक्त भाताची खाचरं आणि नागलीचा तुकडा दाखवतात. घर, अंगण, परस, कंद लावतो तो कोपरा सांगतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, “त्यात काय हाय, भाजीच तर हाय.” पण 2006 चा वनहक्क कायदा राहण्यासाठी आणि पोटासाठी स्वतः कसण्यासाठी असलेल्या, अशा दोन्ही ताब्यांना हक्क मानतो. भाजी पिकवणं हेही कसणंच आहे. ताबा असेल तेवढीच जागा मिळते, 4 हेक्टरच्या वर नाही. म्हणून जे आपलं आहे ते मोजणीत सुटता कामा नये. वनहक्क समिती पाहणीला येईल तेव्हा परसापासून फिरवा, नकाशात रेघ परसाच्या बाहेरून ओढायला सांगा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा लागतो. यंदा लावलेला वेल तेवढ्याने पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे जुना बांध, सपाट केलेली जमीन, जुनं घर, म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. असे निदान दोन हवेत. वेलानं एवढंच दिसतं, की ही जमीन आजही आपण कसतो, पडीक टाकलेली नाही. म्हणून भाजीसाठी नवं जंगल तोडू नका. त्यानं पाड्यातल्या खऱ्या दाव्यांनाच बट्टा लागेल.

दाव्याची पडताळणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही, असं कायदा सांगतो. तरी कोणी येऊन वेल उपटले तर हातापायी करू नका. पाच जण जमा, तारीख-वार घालून पंचनामा लिहा, अंगठे-सह्या घ्या, ग्रामसभेच्या वहीत नोंद करा.

बायांना वेगळं सांगायचं आहे. परसात काय कुठं लावलंय, किती सालांपासून, ते तुम्हांला जास्त ठाऊक. पाहणीच्या दिवशी तुम्ही मागं चुलीपाशी राहायचं नाही, पुढं होऊन हद्द दाखवायची. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो. नाव लागलंय का ते वाचून घ्या.

तर मिरगाच्या आत प्रत्येक घरानं पाच आळी करायची, बी नसेल त्याला शेजाऱ्यानं द्यायचं, आणि ज्यांच्या दाव्यात परस राहून गेलंय त्यांची यादी पाड्याच्या बैठकीत करून पुढच्या ग्रामसभेत मांडायची. यादी घेऊन या, आम्ही अर्ज लिहायला बसतो.

जिंदाबाद.