शपथेचे शब्द आणि मतदाराचा हक्क

पूर्वी खेड्यात एखादा वाद हातघाईवर आला, की जाणती माणसे म्हणायची, "उचल बेलभंडार!" देवळाच्या पायरीवर उभे राहून, बेलाचे पान नि भंडारा हातात घेऊन माणूस जे बोलेल ते खरे मानायचे. आता भांडणे कोर्टात जातात, पण शपथ काही सुटलेली नाही. आपण निवडून दिलेला आमदारसुद्धा शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसू शकत नाही. ती शपथ कधी कान देऊन ऐकली आहे का? कोणी म्हणतो, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की', तर कोणी म्हणतो, 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की'. दोन्ही शब्दप्रयोग राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत शेजारी शेजारी छापलेले आहेत.

एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ही दोन वाक्ये कशाला? एक पुरले नसते का?" प्रश्न साधा आहे. पण दुसरे वाक्य नसले म्हणजे काय होते, हे इंग्लंडात एका माणसाने आणि एका गावाने सहा वर्षे भोगले. ती हकीकत आज सांगतो.

गावाचे नाव नॉर्दॅम्प्टन. जोडे शिवणाऱ्या कारागिरांचे गाव. १८८० सालच्या निवडणुकीत तेथून चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आला. हा वकिलाच्या कारकुनाचा मुलगा. लहानपणी रविवारच्या धर्मशाळेत शिकवीत असे. शिकविता शिकविता धर्मग्रंथातल्या काही गोष्टींचा मेळ बसेना, म्हणून त्याने पाद्रीबुवांना शंका विचारल्या. उत्तर मिळण्याऐवजी नास्तिक म्हणून शिक्का मिळाला आणि कोवळ्या वयात घर सोडावे लागले. (शंका विचारणाऱ्या मुलाला आपण शिक्षक काय उत्तर देतो, हा विषय निराळा, पण मला तो येथे आठवल्यावाचून राहत नाही.) पुढे त्याने पलटणीत नोकरी केली, वकिलाकडे कारकुनी केली, आणि १८६६ साली 'नॅशनल सेक्युलर सोसायटी' ही संस्था काढली. राज्यकारभार आणि नागरिकांचे हक्क धर्ममताच्या ताब्यात असू नयेत, हा तिचा आग्रह.

पार्लमेंटात जागा घेण्यापूर्वी देवाच्या नावाने शपथ घेण्याचा नियम होता. ब्रॅडलॉ म्हणाला, देवाचे नाव मला बंधनकारक वाटत नाही, तेव्हा मला साधी प्रतिज्ञा करू द्या. क्वेकर पंथाच्या लोकांना ती सवलत आधीपासून होती. सभागृहाने समिती नेमली आणि समितीने अवघ्या एका मताच्या फरकाने नकार दिला. मग तो म्हणाला, ठीक आहे, कायद्याला शपथच हवी असेल तर शपथ घेतो. तेव्हा विरोधक उठले : देव न मानणाऱ्याने देवाची शपथ घेणे म्हणजे पावित्र्याचा भंग! प्रतिज्ञा चालत नाही, शपथही चालत नाही. दोन्हीकडून दार बंद.

त्याने बाहेर जाण्याचे नाकारले, म्हणून २३ जून १८८० रोजी त्याला पार्लमेंटाच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र अटकेत ठेवले. नंतर काही महिने स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा करून बसण्याची परवानगी मिळाली. पण मार्च १८८१ मध्ये कोर्टाने ती बेकायदा ठरविली आणि जागा रिकामी झाली. नियमबाह्य दिलेल्या प्रत्येक मताला पाचशे पौंड दंड! आपल्याकडेही शपथ न घेता सभागृहात बसल्यास दर दिवसाला पाचशे रुपये दंड राज्यघटनेत सांगितला आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे शपथेचे शब्द निवडण्याची मोकळीक आहे.

पोटनिवडणूक झाली. नॉर्दॅम्प्टनने पुन्हा त्यालाच निवडले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी तो आत जाऊ लागला, तेव्हा पोलीस आणि सभागृहाचे शिपाई यांनी त्याला ओढत बाहेर काढले. अंगावरचा कोट फाटला. बाहेर त्याच्या पाठीराख्यांची मोठी गर्दी होती. एक इशारा मिळता तर अनर्थ झाला असता. त्याने तो दिला नाही. गर्दी शांत ठेवण्याचे काम ॲनी बेझंट करीत होत्या, पुढे आपल्या देशात होमरूलसाठी झगडल्या त्याच. १८८२ च्या फेब्रुवारीत तर त्याने खिशातून स्वतःचे बायबल काढले आणि आपणच शपथ वाचून घेतली. सभागृहाने त्याला काढून टाकले. मार्चमध्ये गावाने पुन्हा निवडले. १८८४ मध्ये पुन्हा. १८८५ मध्ये पुन्हा.

आता ही मते देणारे सगळे नास्तिक होते काय? मुळीच नाही. रविवारी नेमाने प्रार्थनेला जाणारी माणसे त्यांत होती. त्यांचे म्हणणे सरळ होते : आमच्या वतीने कोणी बोलावे हे आम्ही ठरवू, सभागृहाने नव्हे. ब्रॅडलॉच्या श्रद्धेची चिकित्सा चालली होती खरी, पण हक्क जात होता तो या जोडे शिवणाऱ्यांचा. आणि विरोध करणाऱ्या सगळ्यांनाच देवाची चिंता होती असेही नाही. ग्लॅडस्टनच्या सरकारला कोंडीत पकडण्याची ही नामी संधी हुजूर पक्षातील काही तरुण पुढाऱ्यांना दिसली होती. रँडॉल्फ चर्चिल त्यांत आघाडीवर. धर्म धोक्यात असल्याची हाक दिली, की सरकार पक्षातलेही सभासद बिचकत.

ग्लॅडस्टन स्वतः मोठे श्रद्धाळू गृहस्थ. ब्रॅडलॉची मते त्यांना मनातून नकोशी होती. तरीही १८८३ साली कोणालाही प्रतिज्ञेची मुभा देणारे विधेयक त्यांच्या सरकारने आणले आणि त्यावर त्यांनी जे भाषण केले ते त्यांच्या उत्तम भाषणांत गणले जाते. त्यांचा मुद्दा असा, की धर्माच्या नावाने उघड अन्याय होताना लोकांना दिसला, तर अखेर त्यांचा विश्वास धर्मावरूनच उडेल. श्रद्धाळू माणसाने हे म्हणावे, याला मी फार मोल देतो. विधेयक पडले. बाजूने २८९, विरुद्ध २९२. तीन मते!

गाठ सुटली ती जानेवारी १८८६ मध्ये, आणि तीही अगदी साधेपणाने. नवे सभागृह भरले होते. अध्यक्ष आर्थर पील यांनी निर्णय दिला, की निवडून आलेला सभासद आणि त्याची शपथ यांच्यामध्ये पडण्याचा अधिकार कोणालाही नाही. ब्रॅडलॉने शपथ घेतली आणि तो जागेवर जाऊन बसला. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्याच्याच विधेयकामुळे प्रतिज्ञेचा मार्ग सर्वांना मोकळा झाला.

आत गेल्यावर हा माणूस बोलू लागला तो आपल्याबद्दल. हिंदुस्थानचा प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता, तेव्हा लोक ब्रॅडलॉलाच 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणू लागले. १८८९ च्या डिसेंबरात मोठ्या आजारातून उठून तो काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईस आला. त्या १८८९ सालच्या अधिवेशनाला प्रतिनिधीही नेमके १८८९ जमले होते! परत गेल्यावर आपल्याकडील कायदेमंडळांच्या सुधारणेसाठी त्याने विधेयक मांडले. ते काम त्याच्या हातून पुरे व्हायचे नव्हते.

जानेवारी १८९१ मध्ये तो अंथरुणाला खिळला. त्या महिन्याच्या २७ तारखेला, १८८० साली त्याला शपथ आणि प्रतिज्ञा या दोन्हींची मनाई करणारा ठराव सभागृहाने आपल्या दप्तरातून काढून टाकण्याचे ठरविले. ही बातमी त्याच्या घरी पोहोचली, पण ती समजण्याची शुद्ध त्याला राहिली नव्हती. ३० जानेवारीला तो वारला. दफनाच्या वेळी लंडनमधील पुष्कळ हिंदी लोक हजर होते. त्यांत कायद्याचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी होता.