चार इयत्ता आणि एक गुरुजी

(ज्ञातिमंडळाच्या कल्याण येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘खेड्यातील शाळा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे पुरी केली आणि १९८० साली ठाणे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होईपर्यंत मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांबाहेर माझी बदली झाली नाही. तेव्हा शिक्षणशास्त्राची चर्चा माझ्याकडून होणार नाही. लहान शाळेचा दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो, एवढेच सांगण्याचे योजिले आहे. त्यास कारणही आहे. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांचे मूळ गाव कल्याणपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे, आणि त्या गावची शाळा राहते की जाते, अशा अवस्थेत आहे.

प्रथम एक प्रश्न विचारतो. आपल्यापैकी ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांनी कृपा करून हात वर करावा. (हशा.) पाहा, निम्मे सभागृह एकाच दिवशी जन्मले! याचे कारण आपण जाणताच. जूनमध्ये शाळा उघडे. मुलाचे नाव घालावयास आई येई. जन्म कधीचा असे विचारावे, तर ती सांगणार, ‘आवणीच्या दिसांत झाला, गुरुजी.’ मग मास्तर मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाला लागतो की नाही ते पाहत, लागला तर सहा वर्षांचा धरीत आणि १ जून लिहून मोकळे होत. या गोष्टीला आपण हसतो. परंतु पुढे नोकरी, बढती आणि निवृत्तिवेतन याच तारखेवर ठरले. त्या रजिस्टराविषयी पुढे मला आणखी बोलावयाचे आहे.

आता शाळेकडे वळू. आपल्या भागातील बऱ्याच शाळा पूर्वी लोकल बोर्डाच्या होत्या. इमारत नसेल तेथे मारुतीच्या देवळात किंवा चावडीत वर्ग भरत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि या शाळा त्यांच्याकडे आल्या. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार खडू-फळा मोहीम निघाली. तिचा आग्रह असा की, प्रत्येक शाळेस निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले. कागदावर दोन खरे. पण एक प्रशिक्षणाला, नाहीतर निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामाला गेला की मागे एकच उरतो. त्याच्यापुढे मुले वीस असोत वा बारा, इयत्ता चार असतात.

गुरुजी यष्टीतून उतरून पाऊलवाटेने चढू लागले की टेहळणीवरची मुले ओरडतात. शाळेची किल्ली बहुधा शेजारच्या घरच्या चौथीतल्या मुलाकडे असते, आणि तो मान त्याला वर्गात पहिला येण्यापेक्षा मोठा वाटतो. मुली खोल्या झाडतात, मुलगे विहिरीवरून पाण्याची कळशी आणतात. ही वाटणी मला पटत नसे. म्हणून मी आठवड्याआड कामे बदलून देत असे. प्रारंभी पालक कुरकुरले, पुढे कोणी बोलेना. मग परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, साने गुरुजींची प्रार्थना, दिनविशेष, पाढे. त्यानंतर हजेरी.

आणि मग खरी कसोटी. चार इयत्तांचे चार अभ्यास एकाच खोलीत कसे चालावेत? चौथीला फळ्यावर तीन गणिते द्यावयाची. तिसरीला बालभारतीतील उतारा शुद्धलेखनास लावावयाचा. दुसरीची मुले पडवीत चौथीतल्या एका चुणचुणीत मुलीच्या हाती द्यावयाची. ती पाढे म्हणवून घेते, आणि गुरुजींपेक्षा जास्त दरारा ठेवते. उरली पहिली. तिला चिंचोके मोजावयास देऊन आपण जवळ बसावयाचे आणि एकेकाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावयाचे. वीस मिनिटे झाली की चौथीची गणिते तपासण्यास उठावे. तोवर पहिलीतले कोणीतरी चिंचोका नाकात घातलेला असतो. बाहेरून पाहणारास हा गोंधळ वाटेल. पण यात एक गोष्ट घडत असते. तिसरीत नुसता कान देऊन बसलेल्या मुलास चौथीचा भागाकार आधीच अर्धा कळलेला असतो, आणि मागे पडलेल्या चौथीच्या मुलास पुन्हा दुसरीच्या पाढ्यांत जाऊन बसण्याची लाज वाटत नाही. शहरातील शाळेत तशी सोय नाही.

मुलांनी मुलांस शिकविण्याची ही रीत आपल्याकडची जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवितात हे पाहून त्याने ती तऱ्हा उचलली, मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धत बसविली आणि विलायतेस नेली. तेथे ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून गाजली. आपल्या धूळपाटीचीच ती बहीण म्हणावयाची. आज मात्र आपण तीच रीत ‘मास्तर कमी म्हणून केलेली तडजोड’ असे म्हणून नाक मुरडतो.

शाळेचे वर्ष पंचांगापेक्षा शेतावर अधिक चालते. जूनच्या मध्यास पट पूर्ण असतो. आवणी लागली की बाप दारात येतो, ‘गुरुजी, पोरीला नेतो, आठ दिसांनी धाडतो.’ आठाचे पंधरा होतात. मोठी माणसे चिखलात उतरली की धाकटे भावंड सांभाळावयास कोणी हवे, आणि ते काम हमखास आठ वर्षांच्या मुलीकडे येते. मी सांगे, भावंडास बरोबर घेऊन ये. पडवीत गोधडीवर दोन तान्ही निजलेली आणि त्यांच्या बहिणी पाटीवर लिहीत बसलेल्या, असा वर्ग मी पुष्कळ पावसाळे चालविला. पुढे भातकापणीत पुन्हा गळती. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचावयास घरे रिकामी होतात, आणि नेमकी त्याच वेळी आपली शाळा सकाळची असते. हे वेळापत्रक कोणी केले असेल त्याने मोहाचे झाड पाहिले नसावे. (हशा.)

तान्ह्या भावंडास शाळेत येऊ द्यावे, हा विचार माझा नव्हे. तो आपल्याच जिल्ह्यात दोन थोर स्त्रियांनी अमलात आणून दाखविला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या बायांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. अंगणवाडी हा शब्द आज साऱ्या देशात रूढ आहे, पण त्याचा उगम आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातला हे आपल्या मुलांस ठाऊक नसते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलाच्या पायांना झेपेल एवढ्याच अंतरावर शाळा हवी, ही गोष्ट त्यांनी सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी ओळखली होती.

दुपारच्या जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. १९९५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हा हजेरीप्रमाणे महिन्याचे तांदूळ घरी मिळत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशामुळे शिजविलेले अन्न द्यावे लागले आणि शाळेत खिचडी आली. मास्तर आचारी झाला, अशी टीका पुष्कळांनी केली. तांदळाचा हिशोब ठेवताना माझाही जीव मेटाकुटीस येई. परंतु सर्व घरांची मुले एका पंगतीस बसून एका पातेल्यातले जेवतात, हे दृश्य आमच्या वडिलांच्या पिढीला पाहावयास मिळाले नव्हते. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे बोलताना मला संकोच वाटत नाही.

सर्वांत अवघड काळ दिवाळीनंतरचा. कातकरी, ठाकूर कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. पटावर नाव राहते, जागा रिकामी राहते. अशा मुलांस दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था अलीकडे झाली. ज्या भट्टीजवळ शाळा असते तेथे ते उपयोगी पडते. डोंबिवलीच्या आसपास उभ्या राहिलेल्या इमारतींच्या विटा पाहताना, त्या कोणाच्या मुलांच्या हजेरीवर भाजल्या गेल्या, हे मला आठवल्यावाचून राहत नाही.

याच मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी तेथील प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या, काही तर ऐंशीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून दुपारी दोन तास शिकावयास बसू लागल्या. घरी नातवंडेच त्यांचा अभ्यास घेत. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. मला यात एवढेच दिसते की, गावात शाळा आणि तिच्यात गुंतलेला शिक्षक होता म्हणून हे घडले. चार मैलांवरच्या शाळेत या आज्या गेल्या नसत्या.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळ येथील शाळांचा दाखला दिला गेला. अशा लहान शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक, आणि त्यांत मुले पावणेदोन लाखांहून अधिक असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे दर शाळेस सरासरी बारा-तेरा मुले.

मी या विचाराचा सरसकट शत्रू नाही. पाच मुलांच्या शाळेत कबड्डीचा एक संघही होत नाही, आणि इयत्तेत एकटे असलेले मूल कोमेजते, हे मी पाहिले आहे. डांबरी रस्ता असेल, गाडी खरोखर येत असेल, तर मोठी शाळा बरी. परंतु आपली गावे नकाशावर नव्हेत, डोंगरात आहेत. कायद्याच्या नियमाने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. तो किलोमीटर मोजताना मधला ओढा मोजला जात नाही. ओढ्यास पाणी आले की मोठा मुलगा खांद्यावरून पलीकडे जातो. मुलगी घरी ठेवतात. आवणीचे पंधरा दिवस जिला परत आणताना माझ्या नाकी नऊ येत, ती चार महिन्यांनी परत येईल काय? शाळा दूर गेली की पहिली तिचीच गळती होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

पट घटला तो सरकारमुळे, असे आपण म्हणतो. अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आपण आहोत. आपण कल्याण, डोंबिवली, ठाण्यास स्थायिक झालो, ते योग्यच केले. जे मागे राहिले त्यांतील ऐपतीचे लोक गाडीत बसवून मुले इंग्रजी शाळेस पाठवितात. जिल्हा परिषदेच्या शाळेत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मागे उरतात ती गरिबाघरची मुले, आणि त्यांच्या शाळेविषयी रदबदली करील असा माणूस गावात राहत नाही.

मात्र एका कामासाठी आपण त्या शाळेत अजून जातो. दर जूनमध्ये डोंबिवलीहून कोणी ना कोणी माझ्याकडे येई. मुलाच्या जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असतो, आणि तो सापडण्याचे हमखास ठिकाण म्हणजे गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर. मी कपाटातून ते काढी. कसर लागलेली पाने, बोरूने लिहिल्यासारखे वळणदार अक्षर; आजोबांचे नाव, ज्ञाती, जन्मतारीख, आणि शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘गुरे राखण्यास गेला’. उतारा मिळाला की मंडळी चहा घेऊन यष्टी गाठीत. शेजारच्या खोलीत त्या वेळी दुसरीचे पाढे चाललेले असत.

शाळा विलीन झाली की रजिस्टर दुसऱ्या शाळेत जाते, तेथे जुन्या कपाटाच्या तळाशी पडते. तेव्हा मंडळास माझी विनंती अशी: आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक गावासाठी दोघांची नावे ठरवावीत. त्यांनी मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकारी यांची परवानगी घेऊन ही रजिस्टरे नीट बांधवून घ्यावीत; खर्च शिष्यवृत्ती निधीच्या व्याजातून सहज भागेल. त्याच फेरीत वर्गात बसावे, पट किती, शिक्षक किती, ओढ्यावर साकव आहे की नाही, हे लिहून आणावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात; त्यांच्या बैठकीची तारीख विचारून यावे, आणि विलीनीकरणाचा कागद येईल तेव्हा त्यांच्याबरोबर पंचायत समितीत जावे.

जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये जावे. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो आणि सारी वाट सोपी वाटते. कल्याणहून पहाटेची गाडी धरली तर परिपाठास पोहोचता येते. छत्री व जादा कपडे बरोबर असावेत.