रिकाम्या पेटीचे चाळीस दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी फराळाची बाजू सांभाळते. यंदा चिटणीसबाईंनी मला इथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. मी माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीविषयी आणि तिच्या बाबतीत माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

लहानपणी आईचे बोट धरून मी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. ते १९५१ साली सुरू झाले. तिथले समुद्रातले रंगीत मासे माझ्या डोळ्यांपुढून कधी हलले नाहीत. मागल्या वर्षी भिशीचे पैसे हाती आले, तेव्हा दोन फूट लांब आणि एक एक फूट रुंद-उंच अशी काचेची पेटी घेतली. पाणी भरले, मीठ विरघळवले. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत होते. तिसऱ्याच दिवशी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे आणून सोडले. आठवडा झाला नाही तोच एक मासा वर येऊन धापा टाकू लागला. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जोडीदारही गेला. धाकटी म्हणाली, "आई, आपण त्यांना वेळेवर खायला घालत होतो ना गं?" मला उत्तर देता आले नाही.

मग चार जाणत्या माणसांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. मी पाहुणे बोलावले होते, पण घराला मोरीच नव्हती! मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले की त्याचाही अमोनियाच होतो. तो दिसत नाही, पण कल्ले जाळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो अधिकच जहाल ठरतो. एका जातीचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते बेताचे असेल तर मासे सोसतात, आणि पाणी बदलले की ते कमी होते. हे जंतू दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत घर करतात. नव्या पेटीत ते जवळजवळ नसतातच. त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नळाच्या पाण्यातले क्लोरिन औषधाने घालवले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरला पावणेदोन किलो घातले. जिवंत पोवळी समुद्रातून काढायला आपल्याकडे कायद्याने मनाई आहे, म्हणून कृत्रिम सच्छिद्र दगड रचले. ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या जुन्या पेटीतला मुठीएवढा दगड दिला, तो विरजणासारखा मध्ये ठेवला. जंतूंना खाद्य हवे, म्हणून कोळंबीचा एक तुकडा फडक्यात बांधून सोडला. सासूबाई म्हणाल्या, "कालवणातली कोळंबी पाण्यात कुजवायची, हे कसलं बाई वेड!" वास आला, हे मी कबूल करते.

दिवसाआड बाटलीतले थेंब टाकून पाणी तपासत होते. आधी अमोनिया चढला. दोन आठवड्यांनी तो उतरू लागला आणि नायट्राइट चढले. रोज जेवढे पाणी आटे तेवढे गोडे पाणी घालत होते, कारण पाणी उडून जाते, मीठ मागे राहते.

पंचविसाव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला. त्याच सुमारास नणंदबाई यायच्या होत्या. यजमान म्हणाले, "आता सोड की मासे. रिकामी पेटी काय दाखवायची त्यांना?" मोह मलाही झाला. पण नायट्राइटचा रंग अजून गडद जांभळा होता. मी नको म्हटले. नणंदबाईंनी दगड आणि पाणी पाहिले, पोटभर हसल्या आणि गेल्या.

अडतिसाव्या दिवशी दोन्ही शून्यावर आले. तेवढ्यावर विसंबले नाही. मोजून थोडा अमोनिया घातला, तो चोवीस तासांत नाहीसा झाला आणि नायट्राइटही दिसले नाही. मग निम्मे पाणी बदलले, आणि चाळिसाव्या दिवशी एकच मासा आणला. दुसरा महिन्याने आणला, कारण एकदम गर्दी झाली तर जंतूंना ते झेपत नाही. आज दोघेही सुखरूप आहेत. धाकटी त्यांना खायला घालते, तेही चिमूटभरच.

भगिनींनो, पहिले दोन मासे माझ्या घाईने गेले, हे मी विसरलेले नाही. ज्यांना अशी पेटी ठेवायची असेल त्यांनी मासे आणण्याआधी माझ्याकडे यावे. विरजण मागायला येता तशा या. मुठीएवढा दगड मी देईन. मात्र चाळीस दिवस धीर धरण्याचे वचन आधी घेईन.