तीच पुंगळी, दुसरी गोळी

(दादर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय कळल्यावर काहींनी मला विचारलं, की दादरच्या सभागृहात बंदुकीच्या गोळ्यांचं काय काम? काम आहे. समोर लालबाग-परळची मंडळी बसली आहेत. तुमच्यातल्या अनेकांच्या गावच्या घरी, सावंतवाडीकडे, कणकवलीकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. काहींची मुलं अमेरिकेत आहेत आणि तिथे त्यांच्या मित्रांपैकी कोणी ना कोणी हरणाच्या हंगामाआधी घरच्या टेबलावर स्वतःची काडतुसं भरतो. शिवाय इथून दोन पावलांवर, वरळीला, देशातले उत्तम नेमबाज घडले. या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न जिवावर बेतू शकतो: गोळी बदलली, तर बाकीचं तसंच ठेवून चालेल का?

आधी कायदा सांगतो, म्हणजे गैरसमज राहायला नको. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे रायफलची काडतुसं घरी भरण्याचा उद्योग इथे कोणी करू नये, आणि मीही आज कोणतं प्रमाण सांगणार नाही. एक काळ निराळा होता. गिरगावात खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. ती कुठल्या जातीची, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथूनच त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. त्या सोसायटीच्या जुन्या सभासदांत शिकारी भरपूर होते. त्यांच्या बंदुका गेल्या, पण बंदुकीतलं पदार्थविज्ञान बदललेलं नाही.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, टोपी दारू पेटवते, वायू होतो आणि वायू गोळीला ढकलतो. हे शाळेतल्या मुलालाही कळतं. कळायला अवघड ती पुढची गोष्ट. आजची बिनधुराची दारू ठरावीक वेगाने जळत नाही. दाब वाढला की ती जास्त भरभर जळते, भरभर जळली की दाब आणखी वाढतो. शिकारी रायफलमध्ये हा दाब वातावरणाच्या चार हजार पटींच्या आसपास जातो, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात. तुमच्या घरच्या कुकरला शिटी असते. काडतुसाला शिटी म्हणजे गोळीच. ती पुढे सरकते तेवढीच वायूला जागा मिळते. ती किती जड आहे, नळीत किती घट्ट बसते, किती लवकर हलते, यावर आतला दाब ठरतो. म्हणून गोळी बदलणं म्हणजे शिटीच बदलणं आहे.

लोक इथेच फसतात. ‘आधी १५० ग्रेनची होती, नवीही १५० ग्रेनचीच आहे, मग काय फरक पडतो?’ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या सुमारे निम्मा. पण वजन सारखं असलं म्हणून गोळी सारखी होत नाही. एका गोळीचं कवच पातळ, दुसरीचं जाड. एकीचा सरळ भाग आखूड, दुसरीचा लांब. जितका लांब, तितकी नळीतल्या पीळदार आट्यांशी घासण जास्त. एकीचं टोक निमुळतं, दुसरीचं बोथट, म्हणून काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवली तरी एक गोळी आट्यांपासून लांब राहते आणि दुसरी त्यांना टेकून बसते. टेकून बसलेल्या गोळीला सुरुवातीची मोकळी धाव मिळत नाही आणि दाब एकदम चढतो.

तांब्याच्या गोळ्यांनी हा प्रश्न आज तातडीचा केला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कोणत्याही शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरता येत नाहीत. तिथला काँडोर हा प्रचंड गिधाडासारखा पक्षी शिकारीचे अवशेष खातो आणि त्यातलं शिसं त्याला मारतं. ही बंदी मला मनापासून पटते. पण तिच्यामुळे हजारो शिकाऱ्यांना गोळी बदलावी लागली. शिशाची घनता ११च्या वर, तांब्याची ९च्या थोडी खाली. तितक्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे लांब होते. लांब गोळी पुंगळीत खोल शिरते, दारूला जागा कमी उरते, आणि जागा कमी म्हणजे दाब जास्त. जुन्या गोळीला वर्षानुवर्षं सुरक्षित ठरलेलं दारूचं प्रमाण नव्या गोळीखाली धोक्याचं होऊ शकतं. मग पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, अडकते, टोपी फुटून वायू मागे येतो, आणि फारच बिघडलं तर बोल्टच्या बाजूने रायफलचा तुकडा उडतो. मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

इतिहासाकडे वळलं तर ब्रिटिशांच्या .३०३ रायफलीत हेच दिसतं. पुंगळी तीच, पण १९१०मध्ये २१५ ग्रेनच्या गोल टोकाच्या गोळीऐवजी १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली. वेग सेकंदाला सुमारे ६३० मीटरवरून ७४०च्या आसपास गेला आणि गोळी पूर्वीपेक्षा सपाट मार्गाने जाऊ लागली. परिणाम असा, की जुन्या रायफलींवरची अंतराची निशाणी चुकीची ठरली. नव्या गोळीसाठी नेमाची माशी आणि मागची पट्टी नव्याने जुळवावी लागली. त्याआधी, १८९०च्या दशकात, कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात गोळीच्या टोकावरचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं गेलं. गोळी अंगात शिरून फुलावी हा हेतू होता. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली, ती माणुसकीच्या मुद्द्यावर. पण कारागिरांच्या दृष्टीने आणखी एक भीती होती. कवच पुढून आणि मागून दोन्हीकडे उघडं राहिलं तर वायूच्या रेट्याने आतलं शिसं पुढे निसटू शकतं आणि रिकामं कवच नळीत अडकून राहू शकतं. तोच माणूस दुसरी गोळी सोडतो, आणि अडकलेल्या कवचामागे नळी फुटते. एक छोटासा बदल, गोळीच्या टोकावरचा, आणि धोका नळीच्या मधोमध.

फुलणाऱ्या गोळीबद्दल एक न्याय्य गोष्टही सांगितली पाहिजे. शिकारीत ती वापरतात, कारण आरपार जाणाऱ्या कवचाच्या गोळीने जनावर तडफडत दूर जातं. म्हणून शिकाऱ्यासाठी गोळी बदलण्याचं काम बंदूक फुटली नाही एवढ्यावर संपत नाही. नव्या गोळीने नेम लक्ष्यावर पुन्हा जुळवून पाहिल्याशिवाय तो रानात जाऊ शकत नाही. चार बोटं खाली लागलेली गोळी म्हणजे जखमी हरीण.

आता वरळी. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत असलेल्या अंजली भागवत १९८८मध्ये महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर शिकायला लागल्या, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. इथली नेमबाज मंडळी काडतुसं भरत नाहीत. तयार .२२ची काडतुसं कारखान्यातून घेतात. तरी एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या, पण दोन वेगळ्या लॉटच्या डब्यांना ती एक समजत नाहीत. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. मोठे नेमबाज स्वतःची रायफल परदेशी कारखान्याच्या चाचणी केंद्रात घेऊन जातात, ती शिकंज्यात आवळतात आणि लॉटमागून लॉट झाडून पाहतात. जो लॉट त्यांच्या नळीत नेमका बसतो तो पुरेसा विकत घेऊन ठेवतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं, त्या पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये गोळीचा प्रश्न असा बारकाईने सोडवलेला असतो. तिथे चुकीची शिक्षा एक गुण. घरी काडतूस भरणाऱ्याला ती डोळ्याने किंवा बोटाने भरावी लागते, तरी पुष्कळदा तो याच्या निम्मीही काळजी घेत नाही.

परदेशात जिथे हे काम कायदेशीर आहे, तिथे जबाबदारीने काडतुसं भरणारे काही गोष्टी पाळतात. त्या गोळीच्या उत्पादकाने त्याच गोळीसाठी छापलेले तक्ते वापरायचे, मित्राने सांगितलेला आकडा नाही. नवी गोळी आली की तक्त्यातल्या सर्वांत कमी प्रमाणावर परत जायचं आणि थोडंथोडं वर सरकत प्रत्येक पायरीवर पुंगळ्या तपासायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळी बदलली त्याच दिवशी दारू आणि टोपी बदलायची नाही, नाहीतर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर लगेच थांबून नळी आरपार मोकळी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय दुसरा बार काढायचा नाही. पुंगळीवर धोक्याची खूण दिसली नाही म्हणून दाब बरोबर आहे, असं समजणं चूक आहे. खुणा कधी उशिरा दिसतात.

आणि आता तुमच्या गावची बंदूक. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हातानेच भरला जातो, म्हणजे कारखान्याने केलेली तपासणी तुमच्या वाट्याला येते. काळी दारू, त्यावर काथ्या किंवा चिंधीची डाट, वर छरे, आणि गजाने ठासणं. रानडुक्कर बागेत शिरलं की कोणीतरी म्हणतं, छऱ्याने काय होतंय, मोठी गोळी घाल. छऱ्याच्या वेळची दारू तशीच, वर घट्ट कापडात गुंडाळलेली जड गोळी. नळी शंभर वर्षांची, आतून गंजलेली, आणि दाब तिला नवा. दुसरी चूक अधिक वाईट: गोळी नीट खालपर्यंत न ठासणं. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली तर त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. तिसरी चूक प्राणघातक आहे: काडतुसं फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालणं. काळ्या दारूसाठी घडवलेली नळी त्या दाबाला टिकत नाही. हे कोणी करत असेल तर आजच गावी फोन करून त्याला थांबवा.

परवान्याची मुदत, निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणं, हे सगळं तुम्ही पाळताच. त्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांना एक सांगा. बंदूक रिकामी असताना गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करावी. पुन्हा कधीही ती हातात घेतली की आधी गज सोडून पाहावा. खूण वर राहिली तर आत बार आहे, तोंड कोणाकडे करायचं नाही, आणि ती रिकामी करण्याचं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाकडे न्यायचं, मुलांच्या समोर नाही.