तुमची आय, माझी अव्वा



केशव मेश्राम यांनी १९७८ साली 'विद्रोही कविता' संपादित केली. अर्जुन डांगळे यांचा 'पॉयझन्ड ब्रेड' हा दलित साहित्याचा इंग्रजी अनुवादांचा संग्रह १९९२ साली आला. दोघेही आधी कवी. निवड करायला आपल्यातला माणूस बसला की काय होते, हे सांगताना ही नावे आपण अभिमानाने घेतो. मला मात्र आज माझी एक चूक सांगायची आहे.

माझी पहिली कविता छापून आली तेव्हा संपादकांनी 'आय'ची 'आई' केली होती. ती आई आमच्या घरातली नव्हती. आमची आय दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची.

पुढे मीच एका वार्षिकाच्या कविता पाहू लागलो. बेळगावजवळच्या खेड्यातल्या एका मुलीची कविता आली. तिच्यात 'अव्वा' होती. शब्द कानडी, म्हणून मी तो खोडून 'आय' लिहिले. वर उपकार केल्यासारखे वाटले!

ती भेटायला आली. म्हणाली, "सर, आमच्या घरात अव्वाच म्हणतात. तुमची आय माझ्या कवितेत कशाला?"

तेव्हापासून मी शब्द खोडत नाही. कवीला समोर बसवून कविता मोठ्याने वाचायला लावतो. कुठे अडखळते ते त्याचे त्यालाच कळते. वेळ फार जातो, छापखान्यातून फोन येत राहतात.

यंदा त्या मुलीलाच संपादनात सोबत घेतले आहे. परवा माझ्या कवितेवर तिने पेन्सिलीने तीन खुणा केल्या. दोन मी मान्य केल्या. तिसरीवरून आमचे अजून भांडण चालू आहे.