मक्याच्या ओळी

आज विशेष शिक्षक होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो,

आज हातात पडणाऱ्या कागदाबरोबर तुम्हाला एक अधिकार मिळतो आहे, आणि मला तो थोडा धास्तीचा वाटतो. दुसऱ्याच्या मुलात काय बदलायला हवं, हे आता तुम्ही लिहिणार. आयईपीच्या, म्हणजे एकेका मुलासाठी आखायच्या शिक्षण-आराखड्याच्या तक्त्यात उद्दिष्टांचा रकाना असतो आणि तो भरायला नव्या शिक्षकाचे हात शिवशिवत असतात. पहिली ओळ बहुतेक ठरलेली: नजरेला नजर देणे. मला याची गंमत वाटते. आपल्यातल्या कितीजणांनी लहानपणी 'मोठ्यांकडे असं टकामका बघू नये' म्हणून ओरडा खाल्लाय! आणि आता आपण चार वर्षांच्या स्वमग्न मुलाची हनुवटी धरून त्याचं तोंड वर करतो. मोठे झालेले, बोलू-लिहू शकणारे अनेक स्वमग्न लोक सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. तेव्हा मुलानं ऐकायला हवंय की बघायला, हे आधी ठरवा.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. हातातलं काम नकोसं झालं की लोकलमधल्या बाईच्या सुरात म्हणायचा, "पुढील स्टेशन, दादर." मग हिंदीत, मग इंग्रजीत. क्रम कधी चुकला नाही. त्याच्या फाइलीत जुना शेरा होता: निरर्थक बडबड, कमी करावी. आईला विचारल्यावर उलगडा झाला. त्याची आजी दादरला राहते. हे शब्द कानावर पडले की आई उठून दाराकडे सरकायची आणि मग ती गर्दी, तो गोंगाट संपायचा. 'मला इथून उठायचंय' हे सांगायला त्याच्याकडे याहून नेमकं वाक्य नव्हतं. आम्ही स्टेशनच्या पाटीचं चित्रकार्ड केलं. कार्ड हातात दिलं की पाच मिनिटं सुटी. पुढे त्याच कार्डावर 'बस झालं' हे शब्दही चिकटवले. तो दोन्ही म्हणायला लागला, आणि दादरही आम्ही काढून घेतलं नाही.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर निबंध लिहून ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, ओळख करून दिली, हे तुम्ही परीक्षेत लिहिलंच असेल. त्यांचा १९४६चा लेख मात्र फारसा कुणी उघडत नाही. त्यात एक मुलगा आहे. पातेल्यासारखं काही दिसलं की तो एका बालगीतातले दोन शब्द म्हणतो. का, तर दोन वर्षांचा असताना आई ते गाणं म्हणत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं. ज्याला ही हकीकत ठाऊक नाही, त्याला ती बडबडच वाटणार. हकीकत घरात असते, फाइलीत नसते. म्हणून आईवडिलांशी गप्पा मारायला वेळ काढा, फी घेताना उभ्या-उभ्या नव्हे.

आता त्या ११ मुलांतल्या पहिल्याविषयी. डोनाल्ड ट्रिप्लेट, अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा. मोजण्याचं विलक्षण वेड. १९४२ साली आईवडिलांनी त्याला काही मैलांवरच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. १९४५ साली कॅनर तिथे गेले आणि त्यांनी जे पाहिलं ते नंतर लिहून ठेवलं. पोरगा सारखं काहीतरी मोजतोय? त्या दोघांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते सांगायला लावलं. मेलेले पक्षी, किडे गोळा करतोय? वावरात एक जागा नेमून दिली, तिथे पुर आणि पाट्या लाव. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजतोय? मोज की, पण नांगर धरून मोज. कॅनर यांच्या देखत त्यानं घोडा हाकत सहा लांबच लांब ओळी नांगरल्या.

त्या जोडप्याकडे तुमच्यासारखी पदवी नव्हती. त्यांनी मुलाचा नाद मोडला नाही, कामाला जुंपला. एवढं साधं, आणि तरी आजच्या कितीतरी महागड्या थेरपी सेंटरांत हे सापडत नाही. तिथे नाद हा 'बिहेवियर' असतो आणि त्याचा आलेख खाली यावा लागतो. डोनाल्ड पुढे कॉलेजात फ्रेंच शिकला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जग हिंडला आणि २०२३ साली, ८९व्या वर्षी गेला. बँक घरचीच होती, हेही सांगून टाकतो. सगळ्यांच्या घरी बँक नसते.

आणि सगळ्या मुलांत दडलेला गणितीही नसतो. 'रेन मॅन'सारख्या सिनेमांनी तो एक घोळ करून ठेवलाय. काही मुलं कधीच बोलणार नाहीत. काही रात्र-रात्र झोपत नाहीत, भिंतीवर डोकं आपटतात, आईच्या दंडावर दातांचे वळ असतात. त्या आईसमोर 'वेगळेपणाचा आनंद घ्या' असलं भाषण ठोकू नका. डोकं आपटणाऱ्या मुलाचे आधी दात, कान आणि पोट डॉक्टरांकडून तपासून घ्या. सांगता न येणारं दुखणं असंच बाहेर पडतं. भाद्रपदात ढोल-ताशांच्या सरावानं मूल बिथरलं तर त्याचा सहनशक्तीचा तास घेऊ नका. खिडकी लावा, कानांना हेडफोन द्या, मंडळाच्या कार्यकर्त्यांना जाऊन भेटा. ऐकतात, हा माझा अनुभव आहे. सगळे नाही, पण ऐकतात.

आणि आईला दोष देऊ नका. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं पाश्चात्त्य तज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून तो समज उखडला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे बापही. आपल्याकडे त्याच आरोपाची वेगळी रूपं आहेत: ग्रहण पाळलं नाही, नोकरी सोडली नाही, मोबाइल हातात दिला. यातलं अक्षरही तुमच्या तोंडून निघता कामा नये. पालकसभेत सासूबाईंनी काढलं, तर तिथल्या तिथे खोडा.

शेवटी एक काम अंगावर टाकतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र १८ वर्षांपर्यंतच. नॅशनल ट्रस्टच्या १९९९च्या कायद्यानं त्यापुढे पालकत्वाची सोय केली आहे, पण सकाळी उठून जायचं कुठे, याचं उत्तर कागदावर मिळत नाही. 'आमच्या मागे याचं काय?' हे तुम्हाला प्रत्येक घरात ऐकावं लागेल. लहान मुलांसाठी केंद्रं काढायला पुष्कळ जण पुढे येतात. मोठ्यांसाठी कार्यशाळा, रोपवाटिका, छापखाना, जे जमेल ते काढायची तुमच्यातल्या दोघा-तिघांची तयारी असेल, तर कार्यक्रमानंतर मला गाठा. पैसे माझ्याकडे नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी बंद पडलेली एक-दोन गोदामं आणि त्यांचे मालक माझ्या ओळखीचे आहेत. चहाच्या टेबलाजवळ उभा आहे.