दीडशे मुलांमधली एक जागा



आज मी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मार्चिंग बॅण्डबद्दल बोलणार आहे. विषय लांबचा वाटेल, पण तो आपल्या घरांत केव्हाच शिरलाय. इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद, अनेक मराठी घरांतली नातवंडं, भाचरं तिकडच्या शाळांत शिकतात. ऑक्टोबर आला की त्यांचे व्हिडिओ येतात. मैदानावर शंभर-दीडशे मुलं, सगळ्यांचा एकसारखा पोशाख, एकसारख्या टोप्या. इकडे आजी चष्मा पुसून विचारते, "यात आपली कुठली?" आणि खुद्द आईबापांनाही चटकन सांगता येत नाही.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपली मुलगी जर दिसतच नसेल, तर चार महिने उन्हातान्हात ती करते तरी काय?

ते नीट पाहू. हंगाम सुरू होतो जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, शाळा उघडण्याच्या आधी. त्याला बॅण्ड कॅम्प म्हणतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सराव, अनेकदा शाळेच्या पार्किंगच्या डांबरावर, तिथे मैदानासारख्याच रेघा रंगवून. नववी ते बारावीची मुलं. पाण्याची मोठी बाटली, टोपी, आणि गळ्यात अडकवलेली एक छोटी वही.

त्या वहीत काय असतं? मैदान अमेरिकन फुटबॉलचं, १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद. दर ५ यार्डांवर पांढरी रेघ. दोन रेघांमध्ये ८ पावलं, म्हणजे मूळ पाऊल साडेबावीस इंचांचं. मुलगा सहा फुटी असो, नाहीतर नववीतली ठेंगणी पोर असो, पाऊल तेवढंच. सात-आठ मिनिटांच्या कार्यक्रमात पन्नासहून अधिक आकृत्या असू शकतात. प्रत्येक आकृतीत प्रत्येक मुलाची जागा ठरलेली, आणि ती वहीत लिहिलेली. चौदाव्या आकृतीत तू ४५च्या रेघेपासून दोन पावलं बाहेर आणि पुढच्या कडेपासून बारा पावलं मागे. ही जागा फक्त तुझी. तिथे सोळा ठोक्यांत पोहोचायचं, तेही ट्रॉम्बोन वाजवत, छाती प्रेक्षकांकडे ठेवून, कधी उलटं चालत. आणि सगळं पाठ हवं, कारण कार्यक्रमात ना वही हातात असते ना स्वरलिपी.

आता एक गंमत सांगतो. इतक्या मोठ्या मैदानावर कानांवर विश्वास ठेवला की घात होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, ६० मीटरवर वाजलेला ठोका तुमच्यापर्यंत यायला साधारण पावणेदोन दशांश सेकंद लागतात. लय मिनिटाला १६० ठोक्यांची असेल, तर हा उशीर जवळजवळ अर्ध्या ठोक्याचा होतो! दूरचं ऐकून वाजवलं की तुम्ही मागे पडलात. म्हणून मुलांना शिकवतात, पुढे उंच चौथऱ्यावर उभ्या असलेल्या ड्रम मेजरच्या हाताकडे बघा. हा ड्रम मेजर शाळेतलाच एक विद्यार्थी असतो. आणि अगदी पुढच्या कडेला मरिंबा, व्हायब्राफोन घेऊन एका जागी उभी असलेली मुलं बहुतेक वेळा उलटं करतात. ती मागून येणाऱ्या ड्रमच्या आवाजावर आपला ठोका ठेवतात, म्हणजे दोन्ही आवाज प्रेक्षकांपर्यंत एकदमच पोहोचतात. कधी डोळ्यांचं ऐकायचं आणि कधी कानांचं, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळावं लागतं.

सप्टेंबरपासून आठवड्याची घडी बसते. शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल सामना, त्याच्या हाफटाइमला बॅण्ड. तिथे लोक आपल्या गावचे, टाळ्या नक्की. शनिवारी मात्र स्पर्धा. पिवळ्या बसा, वाद्यांचे ट्रक, आणि पाण्याचे कॅन नि सजावटीचे साचे ढकलणारे पालक. त्यांत आपले मराठी बाबाही असतात, ढोल-ताशा पथकात कधीकाळी टोल दिलेले! मैदानात शिरायची, वाजवायची, बाहेर पडायची वेळ मोजून दिलेली. परीक्षक बघता बघता बोलत जातात आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून शिक्षकांना देतात. गुण वादनाला असतात, हालचालींना असतात आणि एकूण परिणामाला असतात. 'बॅण्ड्स ऑफ अमेरिका' या देशपातळीवरच्या स्पर्धांत तर शंभरातले साठ गुण एकूण परिणामाचे. म्हणजे झेंडे फिरवत नाचणारा कलर गार्ड, वादकांच्या आकृत्या आणि संगीत यांनी मिळून प्रेक्षकाला काही दिलं का, हा खरा प्रश्न.

इथे लक्षात घ्या, चारही महिने कार्यक्रम एकच असतो. तीच सात-आठ मिनिटं. पहिल्या स्पर्धेला तर अनेक बॅण्डचा शेवट बसवूनही झालेला नसतो. अर्धवटच सादर करतात, गुण घेतात आणि सोमवारी पुन्हा पार्किंगमध्ये. ऑगस्टमध्ये जिथे चालताना श्वास अडकत होता, तिथे ऑक्टोबरात सूर लांबवता येतो. गुणफलकावर हे पुरतं दिसत नाही. पण मुलाला स्वतःला कळतं की जे जमत नव्हतं ते जमायला लागलंय.

आणि शेवटी मिळतं काय? नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये 'बॅण्ड्स ऑफ अमेरिका'ची राष्ट्रीय स्पर्धा होते. सुमारे शंभर बॅण्ड येतात, अंतिम फेरीत १२ जातात, विजेता एक. देशात असे बॅण्ड हजारोंनी आहेत. म्हणजे बहुतेक मुलांच्या हंगामाचा शेवट करंडकाने होत नाही. एखाद्या थंडगार शनिवारी बसमध्ये बसून, बुटांचा चिखल काढत होतो.

ही सगळी चांगलीच गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. हा प्रकार महाग आहे. वाद्यं, पोशाख, प्रवास, बाहेरचे प्रशिक्षक, मैदानावरची सजावट. पालकांच्या मंडळाला मोठा निधी जमवावा लागतो, आणि सधन उपनगरांतल्या शाळांना तो सहज जमतो. विद्यार्थिसंख्येवरून गट पाडतात, पालकांच्या मिळकतीवरून पाडत नाहीत. वेळही प्रचंड जातो. इतका, की टेक्सासमध्ये नियमच करावा लागला. शाळेच्या आठवड्यात, शाळेच्या वेळेबाहेर आठ तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही. जिथे असे नियम लागतात तिथे मोठ्या माणसांची हाव मुलांच्या खांद्यावर बसलेली असते, हे उघड आहे.

तरीही एक गोष्ट मला तिथून उचलावीशी वाटते. फुटबॉल संघात काही मुलं मैदानावर आणि बाकीची बाकावर असतात. बॅण्डमध्ये बाक नाही. सगळ्यात कच्चा क्लॅरिनेटवालाही सगळ्यात पक्क्या वादकाइतकाच वेळ मैदानात असतो. मोठ्या बॅण्डमध्ये काही राखीव मुलं असतात, पण आजारी मुलाची वही एका रात्रीत कोण पाठ करणार? म्हणून अनेकदा त्याची जागा रिकामीच ठेवतात. शेजारच्या दोघांनी सरकून ती भरायची नाही. सरकलं तर सगळा वर्तुळाकार बिघडतो. जो आलेला नाही त्याच्यासाठी जागा सोडून चालायचं, आणि वरून सगळ्या स्टेडियमला ती पोकळी दिसते.

आता आजीच्या प्रश्नाकडे बघा. नात व्हिडिओत सापडत नाही, कारण ती तिच्या जागी आहे. चुकली असती तर लगेच सापडली असती. आणि आलीच नसती, तर सगळ्यांनाच दिसलं असतं.

आपल्याकडे मुलाची किंमत पहिल्या तीनांत आला का यावरून ठरते. दिसला तर आहे, नाही तर नाही. आपल्या शाळांतही बॅण्ड आहेत. केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून राष्ट्रीय शालेय बॅण्ड स्पर्धा घेतात. ब्रास आणि पाइप, मुलं आणि मुली असे चार गट, अंतिम फेरी दिल्लीत. पण बहुतेक शाळांत ढोल आणि बिगुल १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला बाहेर निघतात आणि परत कपाटात जातात. आणि दहावी लागली की पालक पहिला अर्ज देतात तो बॅण्डमधून नाव काढायचा.

तिकडे याच्या नेमकं उलट होतं. बारावीची मुलंच नवख्यांना शिकवत असतात. कॉलेजचे अर्ज भरायची पहिली मोठी तारीख अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर, म्हणजे ऐन हंगामात. ती अर्ज बसमध्ये लिहितात, पण जागा सोडत नाहीत, कारण त्यांच्या मागे कोण पोकळी घेऊन चालेल हे त्यांना ठाऊक असतं.

पालकांनो, म्हणून एवढंच मागणं आहे. तो अर्ज लिहायच्या आधी एकदा शाळेच्या सरावाला जाऊन उभे राहा. रांगेत आपल्या मुलाच्या डावीकडे कोण आहे, उजवीकडे कोण आहे, ते बघा. आणि मग त्या दोघांना विचारा, याला काढू का?